माकडाला कायदा, झाडाला कोण?

सायलेंट व्हॅली वाचली त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातल्या या सदाहरित रानात कुंतीपुळा नदीवर धरण बांधून १२० मेगावॉट वीज काढायची, अशी तिथल्या वीज मंडळाची योजना होती. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक, कवयित्री सुगतकुमारी, सालिम अलींसारखे अभ्यासक अशी माणसं तिच्या विरोधात उभी राहिली. प्रकल्पवाल्यांनी त्यांची टिंगल केली. झाडांवर कविता करणाऱ्यांना ‘मरकवी’, म्हणजे झाडकवी, म्हणून हिणवलं आणि प्रश्न टाकला : माणूस मोठा की माकड? हे माकड म्हणजे सिंहपुच्छ वानर. काळं कुळकुळीत अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. जगात ते फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकात आढळतं. शेवटी १९८३ मध्ये प्रकल्प बासनात गेला आणि १५ नोव्हेंबर १९८४ला राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. माणूस की माकड या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, पण जिंकलं माकड.

त्या विजयाबद्दल मला आदरच आहे. मात्र त्यानंतर आपल्याकडे रान वाचवायचं म्हटलं की आधी प्राणी शोधायची सवय जडली. फोटोत उठून दिसेल, डोळ्यांत डोळे घालून बघेल, लहान मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धेला विषय होईल असा एखादा प्राणी. तो सापडला की समिती बसते, पैसे येतात, न्यायालय दखल घेतं. नाही सापडला तर रान नुसतंच ‘झाडझाडोरा’ ठरतं. माझा आक्षेप या सवयीवर आहे. कारण त्याच सिंहपुच्छ वानराच्या रानात एक झाड आहे. त्याची कहाणी माकडाइतकीच बिकट आहे, आणि ते झाड माकडाच्या मुलखाच्या बरंच उत्तरेला, गोव्यात आणि आपल्या सिंधुदुर्गातही उभं आहे. तिथे त्याच्या बाजूनं बोलायला माकड नाही.

हे झाड म्हणजे रानजायफळ. एक झाड म्हटलं तरी त्यात दोन-तीन जाती येतात. पैकी एक तुमच्या आमच्या स्वयंपाकघरात रोज नसली तरी अधूनमधून येतेच. लालबागच्या मसाला गल्लीत जायपत्री मागितली की दुकानदार विचारतो, ‘जायपत्री देऊ की रामपत्री?’ दोन्ही हातात घेऊन बघाव्यात. जायपत्री रुंद, चपटी, पिवळसर केशरी, चुरगळली की बोटांना तेल लागतं आणि वास मागे राहतो. रामपत्री गडद तांबडी, बारीक दोऱ्यांसारखी चिरलेली, वरच्या टोकाला दोरे एकत्र गुंतलेले; वास म्हणाल तर नावापुरता. भाव कमी म्हणून ती बिर्याणीच्या मसाल्यात जाते, आणि जायपत्रीत भेसळ म्हणूनही जाते. जायपत्री मूळच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या झाडाची. रामपत्री मात्र अस्सल सह्याद्रीची. रानजायफळाच्या बीवरचं ते तांबडं आवरण. पुड्यातली ही वस्तू दक्षिण कोकणापासून केरळपर्यंतच्या सदाहरित रानातून येते, हे विकणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतं आणि घेणारा विचारत नाही.

याच कुळातली दुसरी जात पाण्यात उभी राहते. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे ओहोळ मंदावतो आणि जमीन वर्षभर चिखलाची राहते, अशा सपाट घळीत तिचं रान होतं. चिखलात हवा नाही, मग मुळांनी श्वास घ्यायचा कसा? म्हणून मुळं चिखलातून वर येतात, वळतात आणि पुन्हा खाली जातात. काळ्या चिखलावर सगळीकडे अशी वाकवलेले गुडघे काढून बसलेली मुळं दिसतात. पाय टाकायला जागा राहत नाही. खोडाच्या बुंध्यापासून टेकूसारखी मुळं निघतात ती वेगळीच. अशा दलदलीच्या रानाची नोंद शास्त्रज्ञांनी त्रावणकोरच्या भागात साधारण १९६० च्या सुमारास केली, आणि पुढे भारतीय जंगलांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून जागा मिळाली. ही रानं बहुतेक तुकड्यातुकड्यांची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्धापूर तालुक्यात कत्तलेकान आहे, गोव्यात सत्तरीतल्या बांबर गावात निरंकाराची राई आहे, आणि त्याही वर दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे आहे. बांबर्ड्याच्या दलदलीला महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर. म्हणजे साडेसहा एकरांच्या आत.

आता माकड आणि झाड कायद्याच्या चौकटीत शेजारीशेजारी ठेवून बघू. सिंहपुच्छ वानर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. झाडांचं काय? त्या कायद्यात वनस्पतींची स्वतंत्र यादीच मुळी १९९१ च्या दुरुस्तीनं आली, आणि तीत होत्या सहा. रानजायफळ त्या सहांत नव्हतं. पुढे यादी वाढली, तरी प्राण्यांच्या याद्यांच्या मानानं ती फारच आटोपशीर आहे. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत मात्र सिंहपुच्छ वानर आणि दलदलीतलं रानजायफळ दोघंही संकटग्रस्त म्हणून नोंदलेले. धोका सारखा, संरक्षण वेगळं.

याचं कारण जीवशास्त्रात सापडत नाही. दोघांच्या जगण्याचा वेग बघा. सिंहपुच्छ माकडीण साधारण सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं होईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. रानात सगळी मिळून चार हजारांच्या आसपास माकडं उरली असावीत, असा अंदाज आहे. म्हणून एखादी टोळी गेली की ती भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. रानजायफळाचंही तसंच. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. रोप लावलं तर ते फुलेपर्यंत कुठलं ते कळत नाही, आणि फुलायला वर्षानुवर्षं लागतात. फळ धरलं तरी बी मोठं, रसरशीत; वाळलं की मेलं. गहू-ज्वारीचं बी डब्यात भरून ठेवता येतं, गारठवून बियाणं-पेढीत पन्नास वर्षं टिकवता येतं. रानजायफळाचं तसं होत नाही. ते पडल्यावर ओल्या सावलीत लगेच रुजलं तर रुजलं.

इथे तर झाडाची बाजू माकडापेक्षाही लंगडी पडते. उद्या रानातलं शेवटचं सिंहपुच्छ वानर गेलं (न जावो), तरी चेन्नईजवळच्या वंडलूरला आणि परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास चालू आहे. पिंजऱ्यात का होईना, जात उरेल. दलदलीच्या रानाला पिंजरा कुठला करणार? वनस्पती उद्यानात चार झाडं वाढवता येतील, पण ती चार झाडं म्हणजे दलदल नव्हे. तिथलं पाणी, बेडूक, चतुर आणि मासे त्यांच्याबरोबर उद्यानात येणार नाहीत.

संवर्धनवाल्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, लोकांना झाडासाठी पाझर फुटत नाही, प्राण्यासाठी फुटतो. मग प्राण्याला पुढे करा. त्याच्या सावलीत झाड, पाणी, बेडूक सगळं आपोआप राखलं जाईल. उत्तर कन्नडमध्ये असं झालंही. सिरसी-होन्नावरच्या रानात सिंहपुच्छ वानरांच्या टोळ्या मोठ्या संख्येनं असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं, आणि २०११ मध्ये कर्नाटक सरकारनं सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं अघनाशिनी संवर्धन राखीव केलं. कत्तलेकानच्या भागातल्या दलदली वाचवायला त्याचा उपयोग झालाच. २०१९ मध्ये ते शरावती खोऱ्याच्या अभयारण्यात मिळवलं गेलं, आणि ९३० चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्याला नावच माकडाचं मिळालं : शरावती खोरे सिंहपुच्छ वानर अभयारण्य.

नाव मिळालं, पण पुढे काय? त्याच अभयारण्याच्या पोटातून आज २,००० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे खालचं पाणी पुन्हा वर चढवून वीज काढायचा, आखला जातो आहे. सायलेंट व्हॅलीत १२० मेगावॉटला माकडानं थोपवलं होतं. आता पाटीवर माकडाचं नाव असतानाही २,००० मेगावॉटचे नकाशे पुढे सरकतात. वाद चालू आहे आणि विरोध करणारे विरोध करताहेत. तरी एवढं दिसतंच की प्राण्याची ढाल चाळीस वर्षांत पातळ झाली आहे. दुसरं म्हणजे, ही सावली प्राणी जिथवर आहे तिथवरच. सिंहपुच्छ वानराचा मुलूख उत्तर कन्नडमध्ये संपतो. रानजायफळाचा संपत नाही. निरंकाराच्या राईत आणि बांबर्ड्यात सावली धरायला कुणी नाही.

माकडाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती त्याच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही. माकड हुशार आहे, आणि म्हणूनच ते रानाचा पुरावा म्हणून कच्चं आहे. तमिळनाडूत अण्णामलाईच्या डोंगरात वालपारई आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांनी तिथलं रान चिरून टाकलं. तिथल्या एका तुकड्यात, एक चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, शंभराहून जास्त सिंहपुच्छ वानरं राहतात. ज्या जनावरानं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर काढायचं ते तिथे रस्त्यावर उतरतं, पेरू खातं, घरांत शिरतं, गाडीखाली येतं. त्यांच्यासाठी रस्त्यावरून दोरखंडाचे आणि जुन्या होजपाइपांचे झुलते पूल बांधावे लागले. काम चांगलंच आहे. पण तिथली शिरगणती बघितली तर वाटेल माकड सुखात आहे. रान मात्र केव्हाच गेलेलं आहे. माकड जुळवून घेतं आणि आपल्याला फसवतं, त्याला बिचाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. पाण्यातलं रानजायफळ जुळवून घेऊ शकत नाही. ओहोळ वळवला, चिखल सुकला की त्याचा खेळ संपला. रान खरंच शाबूत आहे का, हे विचारायचं असेल तर मी माकडापेक्षा झाडाची साक्ष मानीन.

अर्थात ही साक्षसुद्धा नीट घ्यायला हवी. मोठं झाड मरायला वेळ घेतं. पाणी तुटल्यावर, धनेश निघून गेल्यावरही म्हातारी झाडं कित्येक वर्षं उभी राहतात आणि बघणाऱ्याला वाटतं, राई आहे की जशीच्या तशी! धनेशाचं, म्हणजे कोकणातल्या ककणेराचं, इथे फार महत्त्व. फळ उकललं की तांबड्या आवरणातलं टपोरं बी गिळायला चोच तेवढी मोठी लागते. ककणेर बी गिळतो, आवरण पचवतो आणि बी दुसरीकडे कुठेतरी टाकतो. तो गेला की बी आईच्याच पायाशी पडतं, दाटीवाटीत कुजतं किंवा उंदीर खातात. म्हणून राईत गेल्यावर वरती बघून भारावून जाण्याआधी खाली बघावं. हातभर उंचीची रोपं किती, कमरेएवढी किती? खाली काहीच नसेल तर वरची झाडं ही गेलेल्या रानाची शिल्लक.

आता कोकणाकडे येऊ. इथे माकडाला पोस्टरवर छापायचं म्हटलं तर काय होईल ते कुणीही सांगू शकेल. नारळ, केळी, काजू, आंबा, परसातली भाजी, कौलं... लाल तोंडाच्या माकडांनी आणि काळ्या तोंडाच्या वानरांनी कोकणातल्या शेतकऱ्याला जेरीस आणलंय. राखण करायला घरात तरुण माणूस नाही, तो मुंबईत. भरपाईचा अर्ज भरायला जेवढे हेलपाटे पडतात, तेवढ्यात माकडं दुसरा माड रिकामा करतात. अनेकांनी भाजीपाला लावणंच सोडलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर इथलं लाल तोंडाचं टोपीवालं माकडही पहिल्या अनुसूचीत गेलं, सिंहपुच्छ वानराच्या रांगेत. केरळ सरकारनं ते तिथून खाली आणा म्हणून केंद्राकडे मागणी केली. मकाक वंशातलंच हे माकड. एक भाऊ दुर्मीळ, दुसरा उपद्रवी. दोघांना एकाच कप्प्यात बसवल्यावर शेतकऱ्यानं कायद्याकडे कुठल्या नजरेनं बघावं?

दोडामार्गमध्ये तर प्राण्याचा चेहरा पुढे करण्याची किंमत अधिकच उघड दिसते. दोन दशकांपूर्वी कर्नाटकातून तिलारीच्या खोऱ्यात हत्ती उतरले, आणि केळी-माडांच्या बागांचा फडशा पडायला लागला. माणसंही दगावली. रान राखण्याची लढाई इथे वाघाच्या नावानं लढली गेली, कारण हा पट्टा गोवा-कर्नाटकातून वर सह्याद्रीत येणाऱ्या वाघाची वाट आहे. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली, २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं, आणि २०२४ मध्ये २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करायचा आदेश न्यायालयानं केंद्राला दिला. हे सगळं योग्यच. तरी गावातल्या माणसाच्या कानावर काय पडतं? ‘वाघासाठी तुमच्या जमिनीवर बंधनं.’ तो म्हणतो, वाघाला मी बघितलेला नाही, हत्तीला बघितलंय, आणि माकडाला रोज बघतो. रान म्हणजे नुकसान करणारी जनावरं, हे समीकरण त्याच्या डोक्यात आपणच पक्कं करून दिलंय.

रानजायफळ कुणाची केळ मोडत नाही. ते जिथे उभं आहे तिथे पाणी आहे, आणि ते पाणी खालच्या वाडीला, बागेला, विहिरीला जातं. दलदल पावसाळ्याचं पाणी धरून ठेवते आणि एप्रिल-मे महिन्यात थेंबाथेंबानं सोडते. हे गावातल्या कुठल्याही आजोबांना शास्त्रज्ञानं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मला वाटतं, कोकण-गोव्यात संवर्धनाचा चेहरा म्हणून माकड किंवा वाघ यांच्यामागे धावण्यापेक्षा हे झाड पुढे करावं. ते गोंडस नाही, धावत नाही, व्हिडिओत नाचत नाही. पण गावकऱ्याच्या स्वार्थाशी त्याचं थेट नातं आहे. नुसत्या दयेवर रान किती दिवस तगणार?

एक पळवाट मात्र इथेच बंद करायला हवी. कुणी म्हणेल, मसाल्याचं झाड आहे ना, मग रामपत्रीला चांगला भाव मिळवून द्या, लोक झाड राखतील. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात रान कुणा एकाचं नसतं. फळ पिकून आपोआप उकलेपर्यंत मी थांबलो तर शेजारच्या वाडीतला आधी काढून नेतो. म्हणून कच्चंच काढलं जातं, हात पुरला नाही तर फांदी तोडली जाते. कच्च्या फळातलं बी रुजत नाही. ककणेराला काही उरत नाही. भाव वाढला तर ही घाई कमी होण्याऐवजी वाढेल. आणि मसाल्याच्या भावानं झाडाचं किंवा माणसाचं भलं होतंच असं नाही, हे जायफळाच्या घराण्यालाच चांगलं ठाऊक आहे. बांदा बेटांवर १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं जायफळाच्या मक्त्यासाठी तिथल्या बहुतेक रहिवाशांना मारलं, हाकललं किंवा गुलाम केलं. पुढे १६६७ च्या ब्रेडा तहात त्याच बेटांपैकी रन नावाचं चिमुकलं बेट डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. जगातल्या सर्वांत महागड्या झाडांपैकी एक, आणि ते जिथं उगवलं तिथल्या माणसांच्या वाट्याला हे आलं. भावाआधी नियम लागतो : काढणी केव्हा करायची, किती फळं झाडावर सोडायची, हे ठरवण्याचा आणि मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार गावाकडे हवा.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे, कारण ती आपल्या आवडत्या गोष्टीशी भिडते. दलदली कुणी संपवल्या? खाणी, रस्ते, रबर यांचा वाटा आहेच. दोडामार्गात केरळच्या मळेवाल्यांनी रबरासाठी आणि अननसासाठी डोंगर साफ केले ते डोळ्यांदेखत. पण त्याच्या कितीतरी आधी, पिढ्यान् पिढ्या, ओहोळाकाठच्या सपाट ओल्या घळी भातासाठी आणि पोफळीसाठी वापरात आल्या. उत्तर कन्नडमधली सुपारीची बाग काय, गोव्यातलं कुळागर काय आणि आपली सिंधुदुर्गातली बागायत काय, त्यांना जशी जागा लागते तशीच रानजायफळालाही लागते. आज त्या कुळागरात माडा-पोफळीच्या सावलीत जायफळ लावायची शिफारस होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या चांगल्या जाती दिल्यात, रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची लाखी बाग, म्हणजे नारळात मसाला पिकं घ्यायची पद्धत, लोकांना पटलेली आहे, आणि मलाही पटते. तरी गंमत बघा, रानातल्या चुलतभावाला उठवून त्याच्या जागी आपण बांदा बेटांवरचा पाहुणा बसवला, आणि पाहुण्याला रोग लागला, मुळाशी पाणी साचलं तर त्याचं कलम बांधायला कणखर खुंट शोधायला उद्या पुन्हा त्या चुलतभावाकडेच जावं लागेल. बागायतदाराला दोषी ठरवून काही साधणार नाही. कुळागर मोडा, असं म्हणणारा मी नाही. उरलेल्या चार-दोन घळी मात्र आता कुणीही ‘पडीक’ म्हणून सातबाऱ्यावर लिहू नयेत.

बांबर्डं आणि निरंकाराची राई टिकली ती कुठल्याही खात्यामुळे टिकली नाही. ती देवाची म्हणून राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून नोंदवल्या, तेव्हाच हे लक्षात आलं होतं की कुऱ्हाड थांबवण्याची जी ताकद सरकारी पाटीत नाही ती गावच्या देवात आहे. पण देवराईचं कौतुक करताना डोळे मिटून घेऊ नयेत. आज कोकणात देवळांचे जीर्णोद्धार धडाक्यानं चाललेत. कौलारू देऊळ जातं, स्लॅबचं येतं, समोर सभामंडप, त्यापुढे पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला जागा. वर्गणी मुंबईहून येते, श्रद्धाही मनापासूनची असते. राई मात्र दरवर्षी एका बाजूनं आत सरकते. देव तोच आहे, त्याच्या भोवतालचं रान आक्रसतं आहे. दलदलीच्या बाबतीत तर एकही झाड न तोडता रान मारता येतं. वरच्या अंगाला ओहोळाला सिमेंटची पाट बांधली की पुरे.

म्हणून वारसा स्थळाच्या २.५९ हेक्टरांबद्दल मी खूश आहे आणि समाधानी नाही. त्या हद्दीत झाडं आहेत. झाडांचं पाणी हद्दीबाहेरून येतं. जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमात वारसा स्थळामुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होतं त्यांच्यासाठी भरपाईची योजना करण्याची तरतूद राज्य सरकारला दिलेली आहे. ओहोळाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना ती लागू करा. त्यांनी पाणी वळवू नये, उतार खणू नये, आणि त्याबद्दल त्यांना दरसाल रोख मोबदला मिळावा. वाघाच्या वाटेसाठी कोट्यवधींची चर्चा होते, एका ओहोळाच्या दहा-वीस खातेदारांचा मोबदला सरकारला जड जाऊ नये. हे केल्याशिवाय आणखी कुठली राई वारसा स्थळ म्हणून जाहीर करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

दुसरं काम लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदींच्या वहीचं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं ती करायची, असं कायदा सांगतो. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली, न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सांगितला, आणि मग जे व्हायचं तेच झालं : ठेकेदारी पद्धतीनं, एकाच साच्यातून, भराभर वह्या तयार झाल्या. आपल्या गावची वही ग्रामपंचायतीत मागून बघा. आंबा, फणस, तुळस, मोर सापडतील. पण गावच्या कुठल्या घळीत बारमाही चिखल आहे, तिथे गुडघ्यासारखी मुळं दिसतात का, ककणेर कुठल्या झाडावर घरटं करतो, रामपत्री कोण आणि कधी काढतं, हे त्यात असेल तर मला आनंदाचा धक्का बसेल. दोडामार्ग, सावंतवाडी आणि सत्तरीच्या गावांनी ही पानं पुन्हा लिहावीत, गुराख्याला आणि बागेत पाणी सोडणाऱ्याला सोबत घेऊन. पाहणीत झाडांच्या आकड्याशेजारी रोपांचा आकडा हवाच, दर वर्षी, त्याच जागी. आणि वर्षभरात त्या पानात बदल झाला तर तो ग्रामसभेत वाचून दाखवायची जबाबदारी कुणाची, हेही त्याच पानावर नावासकट लिहिलेलं असावं.